बंदूक कुणाची, परवाना कुणाचा?

काही घरांत बंदूक असते. कोकणात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक ठेवतात. एखाद्या बागायतदाराकडे काडतुसाची बंदूक असते. शहरात एखादा सराफ पिस्तूल बाळगतो. ही हत्यारे चोरीची नसतात. रीतसर परवाना काढून घेतलेली असतात. तरीसुद्धा अशाच घरातल्या सरळ माणसावर कधी कधी खटला होतो.

असे का होते? त्याची समजूत अशी असते की, बंदूक एकदा कायदेशीर झाली म्हणजे ती कायमची कायदेशीर झाली. ही समजूत चुकीची आहे. कशी, ते आपण पाहू.

कायदा कोणता?

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर आपण तो बदलला. नवा कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. आजही तोच चालतो. त्याखालचे नियम मात्र २०१६ साली नव्याने केले. मूळ कायद्यातही २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली.

हा कायदा सांगतो की, परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ ठेवता येत नाही. काडतुसालाही परवाना लागतो. घरात बंदूक नाही, नुसते एक काडतूस आहे, तरी प्रश्न येतो. शेतात वापरायची काठी किंवा घरकामाची अवजारे मात्र यात येत नाहीत. त्यांची भीती बाळगू नका.

परवाना कोण देतो? जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टरसाहेब. मोठ्या शहरात, जिथे पोलीस आयुक्त आहेत तिथे, आयुक्त. अर्ज आला की पोलीस चौकशी होते. अर्जदार एकवीस वर्षांचा पुरा असावा लागतो. हत्यार कसे सांभाळावे याचे शिक्षणही घ्यावे लागते. काही जातींची हत्यारे, उदाहरणार्थ आपोआप गोळ्या झाडत राहणारी, साध्या माणसाला मिळत नाहीत.

परवान्यात तीन गोष्टी बांधलेल्या असतात

परवान्याचे पुस्तक उघडून पाहा. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली गोष्ट माणूस, म्हणजे परवाना कुणाच्या नावाचा आहे. दुसरी हत्यार, म्हणजे कोणत्या जातीचे आणि कोणत्या नंबरचे. तिसरी हद्द, म्हणजे हे हत्यार कोणत्या मुलखात बाळगायचे. याशिवाय मुदतीची तारीख असते.

या तिन्ही गोष्टी जुळल्या आणि मुदत शिल्लक असली, तरच हत्यार कायद्यात बसते. एक जरी बदलली तरी घडी मोडते. बंदूक तीच, कपाट तेच, पण कायदा बदललेला असतो.

माणूस बदलला तर

समजा, एका घरातले आबा वारले. त्यांची बंदूक माळ्यावर होती. मुलगा म्हणतो, "बंदूक आबांची, घर आमचं. मग बंदूक आमचीच की!"

बंदूक वारशाने त्याच्याकडे येईल, हे खरे. पण परवाना आबांच्या नावाचा होता. परवाना शेतासारखा वारशाने येत नाही. आबा गेले तेव्हा ती बंदूक सांभाळण्याचा घरातल्या कुणालाच हक्क उरला नाही. ती माळ्यावर नुसती पडून राहिली, तरी ती विनापरवाना बंदूक होते.

मग करायचे काय? उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. काही जण घाबरतात, "ठाण्यात दिली म्हणजे गेलीच." तसे नाही. वारसाने आपल्या नावाचा परवाना काढला की बंदूक परत मिळते. नको असेल तर परवाना असलेल्या माणसाला विकता येते. पण ठरलेल्या मुदतीत काहीच हालचाल केली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते.

वारस म्हणजे फक्त मुलगा नव्हे. बायको आणि मुलगीही अर्ज करू शकतात. बाकीच्या वारसांची हरकत नाही असे लिहून द्यावे लागते. मरणाची वाट पाहायचीही गरज नाही. परवानेदाराला सत्तर वर्षे पुरी झाली, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, तर तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. म्हाताऱ्या माणसांनी हे जरूर लक्षात ठेवावे. त्याने मुलांची मोठी धावपळ वाचते.

शेजाऱ्याला बंदूक उसनी देणे हाही असाच गुन्हा आहे. "दोन रात्री राखण करतो, बंदूक दे," असे कुणी म्हटले तर साफ नाही म्हणा. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी मात्र दुसऱ्या माणसाला ती नेता येते. तेव्हा परवानेदार सोबत हवा, नाहीतर त्याची लेखी चिठ्ठी हवी.

हत्यार बदलले तर

जुने विकून नवे घ्यायचे झाले तर आधी कागद, मग व्यवहार. आपले हत्यार दुसऱ्या परवानेदाराला विकायचे असेल, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते. त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. नव्या हत्याराची नोंद परवान्यावर झाली पाहिजे.

एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने तो आकडा दोनवर आला. वाडवडिलांची बंदूकही त्या दोनांतच मोजतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली.

हद्द ओलांडली तर

प्रवासात सर्वांत जास्त चुका इथे होतात. समजा, सावंतवाडीकडच्या एका बागायतदाराच्या परवान्यावर सिंधुदुर्ग जिल्हा अशी हद्द लिहिली आहे. तो पिस्तूल घेऊन म्हापशाला निघाला. बांदा गेले, पत्रादेवी आली, गोवा लागला. रस्ता तोच आहे, पण तिथे त्याच्या परवान्याची ताकद संपली. कोल्हापूरला गेला असता तरी तेच झाले असते. कारण कोल्हापूर महाराष्ट्रात असले तरी जिल्हा वेगळा.

म्हणून घर सोडण्याआधी हद्द वाचा. कामासाठी बाहेर जावे लागत असेल, तर हद्द वाढवून मिळण्यासाठी कचेरीत अर्ज करता येतो. कायमचे दुसऱ्या गावी राहायला गेलात, तर तीस दिवसांच्या आत दोन ठिकाणी कळवा. एक नव्या गावच्या अधिकाऱ्याला आणि दुसरे ज्याने परवाना दिला त्याला.

हद्दीत असलात तरी परवाना जवळ हवा. पोलीस तो केव्हाही मागू शकतात. तो दाखवता आला नाही, तर ते हत्यार काढून घेऊ शकतात. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत किंवा शाळेच्या आवारात खास परवानगीशिवाय हत्यार न्यायचे नाही. लग्नात हौसेने बार काढणे तर मुळीच नको. आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालून गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. दोन्हीही होऊ शकतात.

विमानात हत्यार हातातल्या पिशवीत नेता येत नाही. विमान कंपनीला आधी सांगून, हत्यार रिकामे करून, परवानगीने सामानात द्यावे लागते. आणखी एक सांभाळा. शिकारीच्या किंवा राखणीच्या जुन्या पिशवीत कधी काडतूस विसरून राहते. तीच पिशवी घेऊन माणूस विमानतळावर जातो आणि तपासणीत काडतूस निघते. आपल्याला ते ठाऊकच नव्हते, हे मग कोर्टात सांगत बसावे लागते. पिशवी आधीच झटकून पाहणे किती सोपे!

निवडणूक आली तर

निवडणूक जाहीर झाली की हत्यारे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. कुणाकडून हत्यार जमा करून घ्यायचे, हे जिल्ह्यातली छाननी समिती पाहते. नोटीस आली तर राग मानू नका. ती चोर ठरवणारी नोटीस नव्हे. हत्यार द्या, पावती घ्या. निवडणूक संपली की ते परत मिळते.

चूक किती महागात पडते?

परवान्याशिवाय साधी बंदूक किंवा पिस्तूल बाळगल्याबद्दल पूर्वी एक ते तीन वर्षे कैद होती. २०१९ पासून ती दोन ते पाच वर्षे झाली आहे. शिवाय दंड आहेच. "मी ती कधी उडवली नाही," हे उत्तर पुरे पडत नाही. बाळगणे हाच गुन्हा आहे. माळ्यावरच्या गंजक्या बंदुकीसाठी कमावता मुलगा तुरुंगात जावा, हे कुणाला परवडेल?

आणखी एक गोष्ट. पीक राखण्याचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराला मारण्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे आडवा येतो.

घरात हत्यार असेल तर आज एवढे करा

१. परवान्याचे पुस्तक काढा. नाव, नंबर, हद्द आणि तारीख स्वतः वाचा. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

२. हत्यारावरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर ताडून पाहा.

३. मुदत संपत आली असेल, तर दोन महिने हाती ठेवून अर्ज करा.

४. परवान्यावर संगणकाच्या नोंदवहीतला ओळख क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर कचेरीत विचारा.

५. हत्यार रिकामे करून कुलपात ठेवा. काडतुसे वेगळी ठेवा. किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

६. हत्यार हरवले किंवा चोरीला गेले, तर लगेच ठाण्यात खबर द्या.

७. परवाना कुठे ठेवला आहे आणि आपल्यामागे काय करायचे, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.