अर्जासाठी फोटो व सही कशी तयार करावी?

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव. धुळे–सोलापूर महामार्ग येथे नदी ओलांडून बीड जिल्ह्यात उतरतो. कापूस, ऊस व मोसंबी पिकविणाऱ्या या भागात हल्ली घरटी एक तरी अर्ज भरला जातो. मुलगा किंवा मुलगी नोकरभरतीचा अर्ज भरते, तर वडील ठिबक संचाचा किंवा पीकविम्याचा. हे अर्ज आता संगणकावरून अथवा मोबाइलवरून होतात. भरतीच्या अर्जास फोटो व सही जोडावी लागते आणि शेतीच्या अर्जास कागदपत्रांची छायाचित्रे. हे काम किरकोळ समजून अखेरच्या घटकेपर्यंत ठेवले जाते, आणि नुकसान होते ते तेथेच.

प्रस्तुत लेखकास हा धडा स्वतःच्या अनुभवातून मिळाला. कृषी पदवी घेतल्यानंतर एका परीक्षेचा अर्ज मी मुदतीच्या शेवटच्या रात्री भरला. सही रेघी वहीच्या पानावर निळ्या पेनाने केली व दिव्याखाली तिचे छायाचित्र घेतले. कागदावर हाताची सावली पडली होती, तिकडे लक्ष दिले नाही. शुल्क भरले, पावतीही मिळाली. पुढे सही अस्पष्ट असल्याच्या कारणाने अर्ज बाद झाला. शुल्काचे पैसे वडिलांनी कापसाच्या पट्टीतून दिले होते. "अभ्यास कमी पडला का?" एवढेच त्यांनी विचारले. "नाही, सही पुसट आली," हे सांगताना मला मान वर करता आली नाही. पुढील जाहिरातीची वाट पाहण्यात एक वर्ष गेले.

फोटो व सही कशासाठी?

ओळखीची खूण ही आपल्या गावगाड्यास नवी नाही. जुन्या वतनी कागदांवर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढीत असे. पुढे ज्यास सही येत नसे, त्याच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिण्याची वहिवाट पडली. अर्जदार तो हाच, एवढे सिद्ध करणे हाच या खुणांचा हेतू होता. ऑनलाइन अर्जातील फोटो व सही यांचे कामही तेच होय. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक उमेदवाराचा चेहरा फोटोशी आणि हजेरीपटावरील सही अर्जातील सहीशी ताडून पाहतो. ती खूण पटली नाही, तर वर्षभराचा अभ्यास दाराबाहेर राहतो.

फोटो कसा घ्यावा?

फोटोस वीज लागत नाही, चांगला उजेड लागतो. सकाळी किंवा दुपार कलल्यावर ओसरीच्या सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभे राहावे. भर उन्हात डोळे मिटतात व नाकाखाली काळी सावली पडते. पाठीमागे पांढरी, सुरकुत्या नसलेली चादर लावावी. भिंतीपासून दोन हात पुढे उभे राहिल्यास मागे सावली पडत नाही.

फोटो दुसऱ्याकडून काढून घ्यावा. स्वतःच हात लांबवून काढलेल्या फोटोत मोबाइल फार जवळ येतो व चेहऱ्याची ठेवण बिघडते. काढणाऱ्याने चार-पाच फुटांवर उभे राहून मोबाइल डोळ्यांच्या रेषेत धरावा. टोपी, पागोटे व काळा चष्मा काढून ठेवावा. भगिनींनी डोक्यावर पदर घेतल्यास हरकत नसते, मात्र संपूर्ण चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. चेहरा उजळ व गुळगुळीत करणाऱ्या मोबाइलमधील सोयी बंद ठेवाव्यात. फोटो देखणा असण्यापेक्षा खरा असणे अगत्याचे आहे.

आकार आणि वजन

पुष्कळ जण अडतात ते येथे. पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका. शेतात ओळी व ओळींतील झाडे मोजावीत, तसे हे ठिपके आडवे व उभे मोजतात. के.बी. म्हणजे त्या चित्राच्या फाइलचे वजन. बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या मुंबईच्या आय.बी.पी.एस. या संस्थेची मापे उदाहरणादाखल पुढे दिली आहेत. कृषी पदवीधरांसाठी असलेल्या बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी पदाची परीक्षाही हीच संस्था घेते.

फोटो: 200 × 230 पिक्सेल, 20 ते 50 के.बी.
सही: 140 × 60 पिक्सेल, 10 ते 20 के.बी.
डाव्या अंगठ्याचा ठसा: 240 × 240 पिक्सेल, 20 ते 50 के.बी.
हस्तलिखित घोषणापत्र: 800 × 400 पिक्सेल, 50 ते 100 के.बी.

मोबाइलने काढलेला फोटो बहुधा हजारो के.बी.चा असतो. त्यास मापात आणण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम नको असलेला भाग कापावा, नंतर पिक्सेल कमी करावेत आणि अखेरीस वजन पाहावे. लांबी-रुंदीचे प्रमाण न राखता चित्र ताणल्यास चेहरा चपटा होतो. एकच फाइल पुनःपुन्हा बारीक करून साठविल्यास ती दर वेळी अधिक पुसट होते. म्हणून मूळ फोटो बियाण्याप्रमाणे निराळा राखून ठेवावा व प्रत्येक वेळी त्यावरूनच नवी प्रत करावी. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठविताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, एरवी वाटेतच त्याची प्रत उतरते.

प्रत्येक परीक्षेची मापे निराळी असतात, म्हणून त्या त्या जाहिरातीतील सूचना वाचूनच काम करावे. कर्मचारी निवड आयोगाने तर 2024 सालापासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर थेट फोटो घेण्याची पद्धत सुरू केली आहे. तेथे जुना फोटो चालत नाही, परंतु उजेड व पार्श्वभूमी यांविषयीची वरील काळजी तेथेही तितकीच उपयोगी पडते.

सही व अंगठा

सहीसाठी कोरा, पांढरा, बिनरेघी कागद व काळ्या शाईचे पेन घ्यावे. नेहमीची सही सहजपणे करावी. इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाव आय.बी.पी.एस. सही म्हणून स्वीकारीत नाही. शाई वाळल्यावर कागद सपाट ठेवून बरोबर वरून छायाचित्र घ्यावे व सहीभोवतीचा रिकामा भाग कापून टाकावा. संपूर्ण पान तसेच ठेवल्यास सही मुंगीएवढी दिसते. घाईत दुसऱ्याने केलेली सही परीक्षागृहात उमेदवारालाच अडचणीत आणते.

विळा, खुरपे व कापूसवेचणी यांमुळे शेतकऱ्याच्या अंगठ्यावरील रेषा झिजतात. ठसा घेण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. शाई थोडीच लावावी, अंगठा हलके टेकवावा व सरळ वर उचलावा. जास्त शाईने रेषा बुजतात. तीन-चार ठसे घेऊन त्यांतील स्वच्छ ठसा निवडावा.

अर्ज दाखल करताना

फोटोच्या जागी सही व सहीच्या जागी फोटो गेल्यास आय.बी.पी.एस.च्या परीक्षेस बसता येत नाही. म्हणून अर्ज कायम करण्यापूर्वी दोन्ही चित्रे पडद्यावर उघडून पाहावीत. अर्जाची एक प्रत व त्याच फोटोच्या काही छापील प्रती जपून ठेवाव्यात. शेतकरी बंधूंनी पासबुक, सातबारा व खरेदीचे बिल यांची छायाचित्रेही अशाच उजेडात घ्यावीत. पासबुकावरील खाते क्रमांकाचा प्रत्येक आकडा वाचता आला पाहिजे.

केंद्रावर अर्ज भरल्यास काम झाल्यावर तेथील संगणकातून आपला फोटो, सही व आधारची प्रत आपल्या समोर पुसून घ्यावी. सही ही घराची किल्ली आहे. अनोळखी संकेतस्थळावरही ती टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर एक पांढरा पडदा, काळी शाईपेने, कोरे कागद व एक शाईची गादी एवढे साहित्य ठेवता येईल. भरतीची जाहिरात निघाल्यावर एक सकाळ ठरवून गावातील मुलामुलींचे फोटो व सह्या तयार करून द्याव्यात. ज्या घरी चांगला मोबाइल नाही, त्या घरच्या मुलांस आधी बोलवावे. यास खर्च फारसा नाही.

वाफसा येताच पेरणी करावी, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. अर्जाचेही तसेच आहे. जाहिरात हाती येताच दिवसाच्या उजेडात फोटो व सही तयार करून ठेवावी. अभ्यास कमी पडला तर पुन्हा करता येतो, परंतु पुसट सहीमुळे वर्ष हातचे जाऊ देणे कोणत्याही घरास परवडणारे नाही.