परतीच्या मालाचा हिशेब: ऑनलाइन विक्रेत्यांची जानेवारीतील कसोटी

डिसेंबरअखेरीस विक्रीचा आकडा पाहून ऑनलाइन विक्रेता सुखावतो. परंतु त्यातील खरी कमाई किती, हे जानेवारी सरल्यावरच कळते. अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परत येणाऱ्या मालाचे मूल्य ८९० अब्ज डॉलर, म्हणजे वार्षिक विक्रीच्या १६.९ टक्के होते. नाताळच्या हंगामात हे प्रमाण आणखी वाढते. शिवाय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ॲमेझॉनवर घेतलेल्या बहुतेक वस्तू ३१ जानेवारीपर्यंत परत करण्याची मुभा ग्राहकाला असते.

समजा, प्रत्येकी ४० डॉलरचे १०० स्वेटर विकले गेले आणि दर नगामागे १० डॉलर, असा एकूण १,००० डॉलरचा नफा दिसला. त्यांपैकी १७ परत आले, तर नफा ८३० डॉलरवर येतो. परतीच्या प्रत्येक नगावर जाण्यायेण्याची वाहतूक व बांधणी यांत १२ डॉलर गेले, तर उरतात ६२६. ते १७ नग पडूनच राहिले आणि १५ डॉलरची खरेदी किंमतही बुडाली, तर हाती केवळ ३७१ डॉलर लागतात. वाहतुकीचा खर्च परत मिळत नाही. मालाची किंमत मात्र वाचवता येते.

त्यासाठी आलेले खोके त्याच दिवशी उघडून मालाची प्रतवारी करावी: नव्यासारखा, वेष्टण बदलून विकण्याजोगा, सवलतीत काढण्याजोगा आणि टाकाऊ. तपासणीपूर्वी कोणतीही वस्तू विक्रीयोग्य साठ्यात धरू नये. अन्यथा सदोष वस्तू दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊन पुन्हा परत येते. परतीचे कारणही नोंदवावे. एकाच मापाचे स्वेटर वारंवार परत येत असतील, तर दोष बहुधा ग्राहकाचा नसून संकेतस्थळावरील मापांच्या तक्त्याचा असतो.

न विकलेल्या मालाबाबतही दिरंगाई महागात पडते. जानेवारीत ॲमेझॉनच्या गोदामांचे मासिक भाडे हंगामी दरापेक्षा उतरते, म्हणून विक्रेते निर्धास्त होतात. मात्र १८१ दिवसांहून अधिक काळ पडून राहिलेल्या मालावर अतिरिक्त आकार लागू होतो. ऑक्टोबरच्या आरंभी पाठवलेला माल मार्चअखेरीस ही मर्यादा गाठतो. तेव्हा सवलत द्यावी, माल परत मागवावा की घाऊक भावाने काढून टाकावा, याचा निर्णय फेब्रुवारीतच झालेला बरा.

पुढील हंगामाची मागणी नोंदवतानाही विकलेले नग नव्हे, तर ग्राहकाने ठेवून घेतलेले नग मोजावेत. व्यवसायाचा खरा खप तोच.