तिसऱ्या गेटच्या पलीकडे

गेल्या जूनमध्ये बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका भंगारवाल्याच्या दारात बेंच व्हाइसचा ढीग दिसला. पिवळ्या रंगाने घातलेले नंबर ओळखीचे वाटले, म्हणून चौकशी केली. मी शिकलो त्या पॉलिटेक्निकातला फिटिंग शॉप मोडला होता. तिथे संगणकाची नवी लॅब व्हायची होती. व्हाइस किलोवर विकल्या होत्या. सतरा नंबरची माझी. ती विकत घेऊन मी कंग्राळीला घरी आणली. त्या रात्री झोप आली नाही.

हे बेळगावात घडावे याचे जास्त लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान १८८८ मध्ये याच गावात सुरू झाले. त्याआधी ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले होते, रंग ओळखण्यात दोष निघाला, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. इथेच त्यांनी लोखंडी नांगर घडवला. नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी जागा सोडायला लावली आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर गेला. आमच्याकडे किर्लोस्कर रोड उरला. पुढची सत्तर वर्षे मी एका वाक्यात सोडून देतो: १९७९ मध्ये गोगटे आणि केएलई ही दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली आणि घराघरांत ‘इंजिनिअर’ हा शब्द शिरला.

माझे दशक १९९० ला सुरू झाले. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालो होतो. बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. गावातले एक शिकलेले गृहस्थ दारात उभे राहून त्यांना म्हणाले, “डिप्लोमा काय, नापास पोरांचा.” मला चांगले मार्क होते. बाबांची मान खाली गेलेली मी पाहिली आणि ते वाक्य मी आजवर माफ केलेले नाही. बाबा रात्री एवढेच म्हणाले, “हाताला काम येऊ दे, मग पुढचं बघू की.”

पॉलिटेक्निकला जायला कंग्राळीतून सायकलने निघायचे, अख्खे शहर ओलांडून तिसऱ्या रेल्वे गेटवर थांबायचे, मालगाडी गेली की पलीकडे. घरी मराठी, फॉर्मवर कन्नड, फळ्यावर इंग्रजी. शाळेत ‘घर्षण’ शिकलेला मुलगा ‘फ्रिक्शन’ ऐकून पहिले दोन महिने गप्प बसला. माझी वाचा फुटली ती फिटिंग शॉपमध्ये. तिथल्या इन्स्ट्रक्टरांना मराठी जेमतेम यायचे, मला कन्नड त्याहून कमी. त्यांनी माझे मनगट धरले आणि कानस कशी पुढे रेटायची, मागे घेताना दाब कसा सोडायचा, ते दाखवले. पट्टीची कड घासायची, ट्राय स्क्वेअर लावून खिडकीकडे धरायची. फटीतून उजेड आला की पुन्हा घासायची. उजेड दिसायचा बंद झाला तेव्हा सरांनी पाठीवर थाप मारली. काटकोन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

मग मशीन शॉपमध्ये नोकरी. साध्या लेथवर तीन वर्षे कीस बघून शिकलो: स्टीलचा कीस निळा पडू लागला की उष्णता वाढली, टूल कुरकुरले की पकड ढिली किंवा फीड चुकीचे. १९९६ मध्ये आमच्याकडे पहिले सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारे मशीन, आले. मालकांनी विचारले, कोण बसणार? पदवीवाले मागे सरले. प्रोग्राम म्हणजे तरी काय, ‘जी शून्य एक’ लिहिले की टूल सरळ रेषेत कापत जाते. किती वेगाने, ते आपण सांगायचे. तो आकडा मला कानांनी आधीच पाठ होता. संगणक मी असा शिकलो, तेलकट हातांनी, आणि त्याच्याशी माझे वैर कधीच नव्हते.

नंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. १९९८ मध्ये व्हीटीयूचे, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे, मुख्यालय बेळगावला आले, आसपास कॉलेजे वाढली, आणि आता मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहतात, कॉम्प्युटर सायन्ससाठी रांग लागते. लागू दे. माझी तक्रार वेगळी आहे. मुले सीनिअरचे जर्नल उतरवून प्रॅक्टिकल पूर्ण करतात. कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन आलेल्या एका मुलाने संगणकाचा डबा कधी उघडला नव्हता, लॅनच्या केबलला टोक कधी बसवले नव्हते. चार वर्षांचे पैसे घेऊन त्याला कुणी हात लावू दिला नाही, याचा मला संताप येतो.

पुतणी यंदा बारावी झाली. इकडची सीईटी दिली आहे. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांना वेगळी सोय असल्याने कोल्हापूर-सांगलीचाही विचार चालू आहे. घरात सगळे पॅकेज विचारतात. मी तिला म्हटले, कॉलेज बघायला गेलीस की आधी लॅबच्या दारात उभी राहा. एका मशीनवर किती मुले ते मोज. धूळ बसलीय का बघ. शिकवणाऱ्यांचे हात बघ.

व्हाइस आता पडवीत बसवली आहे. काल पुतणी कानस घेऊन तासभर तिथे उभी होती. जेवायला हाक मारली तर पट्टी उजेडाकडे धरून म्हणाली, “काका, अजून दिसतंय की.”