सबवूफर नव्हे, गाणं ऐकू यावं : दोन स्पीकरच्या संचात सबवूफर कसा बसवावा

(गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेत आवाज येतोय ना? बरं. आजचा विषयच आवाजाचा, त्यामुळे ही चौकशी आधी केलेली बरी.

घरात डावा-उजवा असे दोन चांगले स्पीकर आहेत, एक ॲम्प्लिफायर आहे आणि त्यात आता सबवूफर जोडायचाय. जोडल्यावर गाणं भरीव व्हायला हवं. पण पुष्कळ घरांत होतं काय, तर गाणं एकीकडे आणि धुम-धुम दुसरीकडे. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते आज पाहू. आणि आपण बसलोय गुलमंडीत. इथं घराला घर लागून आहे, एकाची भिंत तीच दुसऱ्याची. तेव्हा आपल्या घरातला खालचा सूर भिंतीपलीकडे कोणाला ऐकावा लागतो, हाही प्रश्न याच विषयात येतो.

खालचा सूर म्हणजे कुठला?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. सबवूफरचं काम त्यातल्या तळाच्या भागाचं, म्हणजे २० पासून ८०-१०० हर्ट्झपर्यंतचं. आता आपल्या ओळखीची उदाहरणं घेऊ. गायकाचा षड्ज काळी एकवर असेल तर तो होतो १३८.६ हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ, आणि पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी २७.५.

पाच इंची वूफरच्या छोट्या स्पीकरला इथं दम लागतो. कारण साधं आहे. सूर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असेल, तर शंकू चौपट पुढे-मागे हलावा लागतो. ८० वरून ४० ला चौपट, ४० वरून २० ला पुन्हा चौपट, म्हणजे एकूण सोळापट. छोटा शंकू एवढा हलूच शकत नाही. आणि हलायला गेला, तर त्याच शंकूवर चाललेला गायकाचा आवाजही सोबत थरथरतो.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा. सबवूफर जास्त धमक देतो, हा त्याचा दुसरा फायदा. पहिला फायदा हा, की मुख्य स्पीकरवरचं ओझं उतरतं आणि मधला आवाज स्वच्छ होतो. पण त्यासाठी मुख्य स्पीकरकडे जाणारे खालचे सूर गाळावे लागतात. नुसता सबवूफर जोडला आणि स्पीकर तसेच राबवले, तर ओझं तिथल्या तिथेच राहतं.

मिरवणूक काय शिकवते

अनंत चतुर्दशीला राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघालेली मिरवणूक गुलमंडीकडे येते, तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल. तोही नुसता घुमका. ताशाची तडतड स्पष्ट ऐकू येते ती मिरवणूक वळणावर येऊन समोर दिसायला लागल्यावर.

याचं कारण लाटेची लांबी. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या सुराची लाट त्यामुळे ८.६ मीटर, म्हणजे २८ फूट लांब. ८० हर्ट्झची १४ फूट. आणि ५,००० हर्ट्झची जेमतेम सात सेंटिमीटर. अठ्ठावीस फुटांची लाट गल्लीचा कोपरा वळून सहज येते. सात सेंटिमीटरची लाट भिंतीवर आपटून परत फिरते.

दिशेचंही तसंच. आपल्या दोन कानांत जेमतेम वीतभर अंतर. एवढ्या लांब लाटेचा डाव्या आणि उजव्या कानातला फरक मेंदूला फारसा कळत नाही. म्हणून ८० हर्ट्झच्या खालचा सूर कुठून येतोय, ते घरात सहसा सांगता येत नाही. म्हणूनच सबवूफर दोन स्पीकरच्या मधोमध ठेवायची सक्ती नाही. पण हीच सीमा १२० वर नेली, की पुरुषाच्या आवाजाचा तळ कोपऱ्यातून यायला लागतो. गाणं एकीकडे, धुम-धुम दुसरीकडे, ती तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

खोली हेही एक वाद्य

आता मुख्य अडचण. खालच्या सुरांत तुम्ही सबवूफर जेवढा ऐकता, त्याहून जास्त खोली ऐकता. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट अडकते आणि ठरावीक सूर फुगतात. ते कुठले, हे काढायचा सोपा हिशेब सांगतो. ५६५ ला खोलीच्या मापाने, फुटांत, भागा.

समजा खोली १५ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. लांबीचा सूर आला ३८ हर्ट्झ. रुंदीचा ५६.५. आणि उंचीचाही ५६.५! दोन्ही एकाच जागी आले. मग ५६ च्या आसपास पडणारी थाप खोली हादरवते आणि थोडी वरची-खालची थाप गायब होते. डग्ग्यावर मींड घेताना आवाज मध्येच फुगतो नि मध्येच बुडतो, तो वादकाचा दोष नसतो, खोलीचा असतो.

मान्फ्रेड श्र्योडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने एक सीमा सांगितली आहे. तिच्या खाली खोलीच राज्य करते. वर घेतलेल्या खोलीत आवाज विरायला अर्धा सेकंद लागत असेल, तर ही सीमा २२० हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे सबवूफरचं सगळं काम खोलीच्या राज्यातच चालतं.

जुन्या वाड्यातली माळवदाची खोली आणि नव्या इमारतीतली स्लॅबची खोली यांत म्हणूनच फरक पडतो. कडक काँक्रीट आणि जाड दगडी भिंत खालचा सूर जवळजवळ पूर्ण परत पाठवते. लाकडी तक्तपोशी, हलकं छत, उघडा जिना यांतून तो थोडा जिरतो आणि थोडा निसटतो. एकाच्या घरी सुरेख वाजलेला संच दुसऱ्याच्या घरी गढूळ वाजतो, यात नवल नाही.

मग करायचं काय? एक जुनी युक्ती आहे. आपण जिथे बसून ऐकतो, त्या खुर्चीवर सबवूफर ठेवा. सरकत्या खर्जाचं एखादं गाणं लावा. आणि मग रांगत्या बाळकृष्णासारखं भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवा. कान आणि सबवूफर यांच्या जागांची अदलाबदल केली तरी निकाल तोच येतो, म्हणून हे जमतं. लोक हसतील, हसू द्या.

बसण्याची जागाही बघा. खोलीच्या अगदी मधोमध बसलात तर लांबीचा पहिला सूर हरवतो. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच अंगावर येतो. भिंत मागे एक मीटरवर असेल, तर ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडू शकतो. फूटभर पुढे-मागे सरकायला पैसे लागत नाहीत.

आणि जमत असेल तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम घ्या. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे हाच प्रश्न मांडला होता, की किती सबवूफर पुरेत? आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले, तरी बसण्याच्या जागांमधला फरक बराच कमी होतो. एकाने उचललेली लाट दुसरा दाबतो, असं समजा.

जोडणी आणि जुळणी

जोडायच्या वाटा तीन. पहिली, ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरूनच वायर नेणे. सोपी आहे, पण मुख्य स्पीकर गाळले जात नाहीत. शिवाय काही ॲम्प्लिफायरमध्ये काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. अशा वेळी जोडणीआधी माहितीपुस्तिका वाचाच, नाहीतर ॲम्प्लिफायर जळू शकतो. दुसरी वाट, प्री-आउटमधून सबवूफरला वायर. तिसरी, मध्ये डिजिटल क्रॉसओव्हर घालून खालचं सबवूफरला नि वरचं स्पीकरला अशी वाटणी. तिसरीत खर्च आणि खटपट जास्त, पण वर सांगितलेला पहिला फायदा तिथे पूर्ण मिळतो.

जागा ठरली, की पुढचा क्रम पाळा.

आधी क्रॉसओव्हर. स्पीकर गाळत असाल तर ८० पासून सुरुवात करा. गाळत नसाल तर स्पीकर आपणहून जिथे उतरतो, तिथे, म्हणजे ५०-६० वर ठेवा. नाहीतर दोघं एकच ओझं उचलायला जातात आणि आवाज सुजतो. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये लिंकविट्झ-रायली हे नाव दिसेल. झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रचना. तिच्यात जोडाच्या सुरावर दोन्ही बाजू निम्म्या दाबाने वाजतात आणि बेरीज सपाट येते. पण दोघं एका तालात असतील, तरच.

म्हणून दुसरं, फेज. ८० हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं. सबवूफर स्पीकरपेक्षा सात फूट लांब असेल तर त्याचा सूर अर्धं आवर्तन मागे पडतो. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि नेमका जोडाचा सूर नाहीसा होतो. ओळखायचं कसं? जोडाच्या सुराचा टेस्ट-टोन लावा, खुर्चीवर बसा आणि घरातल्या कोणाला तरी फेजचं बटण फिरवायला सांगा. जिथे सगळ्यात मोठं ऐकू येईल, ती जागा बरोबर.

तिसरं, पातळी. कसोटी अशी, की सबवूफर चालू असताना तो आहे हे कळू नये आणि बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं. सबवूफर ऐकू आला, की तो जास्त झाला. ही पातळी तुमच्या रोजच्या आवाजावरच ठरवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना फार बहिरा होतो. मोठ्या आवाजावर जुळवलेला सबवूफर हळू लावल्यावर रोडावतो, ते याचमुळे.

सगळ्यात शेवटी इक्वलायझर. फुगलेले सूर खाली आणा. खड्डे मात्र भरू नका. तिथे लाटा एकमेकींना मारतायत, जितकं ओताल तितकंच मरेल आणि ॲम्प्लिफायर उगाच दमेल. मोजायला साधा कॅलिब्रेटेड माइक घ्या. मोबाइलच्या माइकवर तळाच्या सुरांसाठी विसंबू नका.

भिंतीपलीकडचा श्रोता

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. व्यापारी भागाला ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण हे डेसिबल 'ए' मापाचे आहेत, आणि ते माप खालच्या सुरांना मोठी सूट देतं. ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबलची सूट. म्हणजे शेजारच्या खोलीत ५० हर्ट्झचा ७५ डेसिबलचा सूर घुमत असेल, तर मीटर ४५ दाखवेल. कागदावर सगळं ठीक. पण उशीवर डोकं टेकलेल्या माणसाला तो स्पष्ट ऐकू येतो.

पलीकडे कोणाची आजारी आई असते, कोणाचा दहावीचा मुलगा असतो. त्यांना गाणं ऐकू येत नाही, नुसते ठोके ऐकू येतात. गाण्याशिवायचा ठोका म्हणजे छळच. म्हणून मीटरपेक्षा शेजाऱ्याचं दार वाजवा. घरी गाणं चालू ठेवून त्यांच्याकडे पाच मिनिटं बसा आणि स्वतः ऐका.

उपाय आहेत. भिंतीला फोम लावून खालचा सूर थांबत नाही, त्याला वजन लागतं. सबवूफरखाली रबरी गादी घातली तर जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी नाही. सामाईक भिंतीपासून तो दूर ठेवा. आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे तो आपल्या खुर्चीलगत आणा. जवळ असल्यामुळे तुम्हाला पुरेसा ऐकू येतो, पातळी कमी ठेवता येते आणि शेजारी जाणारा सूरही तेवढाच कमी होतो. दिशा कळत नाही, हे आपण पाहिलंच.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आम्ही फक्त शास्त्रीय गायन ऐकतो. सबवूफर हवाच का?*

हवाच असं नाही. तंबोऱ्याचा गोडवा जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांशांत असतो. तुमचे स्पीकर ५० हर्ट्झपर्यंत नीट जात असतील, तर आधी त्यांची जागा सुधारा. पखवाज, ऑर्गन, सिनेसंगीत, पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकत असाल तर फरक जास्त पडेल.

*जोडल्यापासून सतत हूं असा आवाज येतो.*

आपली वीज ५० हर्ट्झची. तो हूं बहुधा ५० किंवा १०० चा असतो, आणि सबवूफर तो इमानदारीने वाजवतो. ॲम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच बोर्डावरून जोडून पाहा. जुन्या घरात अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. हूं जावा म्हणून अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. तिथे आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

*बंद खोका घ्यावा की भोकाचा?*

भोकाचा खोका त्याच आकारात तळाला जास्त वाजतो, पण त्याच्या सीमेखाली झपकन उतरतो. बंद खोका हळूहळू उतरतो. छोट्या खोलीत खोलीच तळ उचलून धरते, म्हणून तिथे बंद खोका जुळवायला सोपा जातो.

*सुरुवात कुठून करू?*

नवीन काही घेऊ नका. मापपट्टी घ्या, खोली मोजा, ५६५ ला भागा. आकडे कागदावर लिहा. मग सबवूफर खुर्चीवर ठेवा आणि रांगायला लागा.