वर्गावाचून वस्तू

संगणकाच्या भाषेत वस्तू हवी असेल तर आधी तिचा वर्ग हवा, असे आपण पाठ्यपुस्तकांतून घोकतो. वर्ग म्हणजे साचा. त्यातून वस्तू काढायच्या. पण साच्यावाचून मूर्ती घडतच नाही काय? हाताने शाडू मळणारा मूर्तिकार हे ऐकून हसेल!

१९७५ साली अमेरिकेत, एम. आय. टी.मध्ये, जेरल्ड ससमन व गाय स्टील हे कार्ल ह्यूइट यांची 'अ‍ॅक्टर' ही कल्पना समजून घेऊ पाहत होते. अ‍ॅक्टर म्हणजे निरोप घेऊन त्याप्रमाणे वागणारा घटक. त्यासाठी त्यांनी लिस्पच्या कुळातली एक छोटी भाषा रचली. तीच स्कीम. तीत फलन वेगळे, अ‍ॅक्टर वेगळा ठेवला. आणि पाहतात तो काय, दोहोंना चालवणाऱ्या सूचना एकच!

कसे ते पाहा. 'खाते उघड' हे एक फलन घ्या. त्याला १०० रुपये द्या. ते तुम्हांला दुसरे फलन परत देते. हे दुसरे फलन आपल्या जन्मवेळची शिल्लक जवळ बाळगते. 'जमा' असा निरोप धाडा, शिल्लक वाढते. 'काढ' म्हणा, घटते. पैसे अपुरे असले तर ते साफ नकार देते. बाहेरून मात्र शिलकेला कुणाला हात लावता येत नाही. पुन्हा खाते उघडा, त्याची शिल्लक निराळी. स्थिती आली, वर्तन आले, गुप्तता आली. मग वस्तू व्हायला उरले काय?

वर्ग टाकाऊ आहेत असे नव्हे. पसारा वाढला की त्यांची सोय होते. पण सोय वेगळी, गरज वेगळी. हे ज्याला उमगले, त्याला नव्या भाषेचे भय वाटत नाही.