नियंत्रक दांड्यांची जुळणी

पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या धातूने भरलेले प्रचंड पात्र क्रेन उचलून नेते, तेव्हा त्या भाराचा स्पर्श चालकाच्या हाताला होत नाही. त्याच्या हाती असतात त्या काही दांड्या. या दांड्यांवर एक स्थान विशेष महत्त्वाचे असते, ते म्हणजे शून्याचे. वीज खंडित होऊन पुन्हा आली, तर दांड्या शून्यावर आणल्याखेरीज क्रेन हलू नये, अशी योजना अशा यंत्रांत केलेली असते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. अशा नगरात ही शिस्त नवी नाही. तेथील एखाद्या सेक्टरमधील घरात, संगणकासमोर बसून विमान चालविण्याचा सराव करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही आरंभ शून्यापासूनच करावा लागतो.

एकाच दांडीने विमानाचे नाक वर-खाली करावयाचे आणि पंखही कलवावयाचे, ही कल्पना फ्रान्सच्या रोबेर एस्नो-पेल्तरी यांनी १९०७ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. हीच पुढे जॉयस्टिक म्हणून ओळखली जाऊ लागली. जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याचे यंत्र अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातील हवेच्या भात्यांचे तंत्र त्यांनी या यंत्रास डोलविण्यासाठी वापरले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम पडले आणि खराब हवामानात अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर सैन्याने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. घरगुती संगणकावरील सिम्युलेटर १९८० च्या सुमारास आले आणि सरावाचे हे साधन सामान्य माणसाच्या टेबलावर येऊन पोहोचले.

जॉयस्टिकच्या आत घडते ते असे. दांडी हलली की तिच्या तळाशी असलेला संवेदक विजेचा दाब बदलतो. त्या दाबाचे रूपांतर आकड्यात होते. दहा बिटांच्या मोजणीत हा आकडा ० ते १०२३ असतो, बारा बिटांच्या मोजणीत ० ते ४०९५. स्वस्त साधनांत घासून फिरणारा पोटेन्शिओमीटर असतो. तो कालांतराने झिजतो, त्यात धूळ बसते आणि आकडा थरथरू लागतो. काही साधनांत चुंबकावर चालणारा संवेदक असतो. त्याचे तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधून काढले. येथे घर्षण नसल्याने झीजही फार कमी होते.

संगणकाला दांडी दिसत नाही, त्याला केवळ आकडा दिसतो. सोडून दिलेली दांडी मध्यावर ५१२ दाखवील अशी अपेक्षा असताना ती ५३० दाखवीत असेल, तर हात बाजूला असूनही विमान एका अंगाला कलत राहील. म्हणून पहिले काम अंशशोधनाचे, म्हणजेच कॅलिब्रेशनचे. दांडी प्रत्येक दिशेला शेवटच्या टोकापर्यंत सावकाश न्यावी, मग सोडून द्यावी. दोन्ही टोके आणि मध्य कोठे आहेत, हे संगणक अशा रीतीने शिकतो.

दुसरे काम नेमणुकीचे. सिम्युलेटर पुष्कळदा जोडलेल्या प्रत्येक साधनाला आपण होऊन कामे वाटून देतो. त्यामुळे सुकाणूची जबाबदारी जॉयस्टिकच्या पिळावरही पडते आणि पायातील पेडलांवरही. दोन्हीकडून वेगवेगळे आदेश गेले की विमान अकारण थरथरते. प्रत्येक कामाला एकच दांडी, हा नियम पाळून उरलेल्या नेमणुका काढून टाकाव्यात.

तिसरे काम दिशेचे. विमान जमिनीवर उभे असताना ते बाहेरून पाहावे. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीवरील एलिव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर आणि डाव्याचा खाली गेला पाहिजे. ही तपासणी खऱ्या विमानातही प्रत्येक उड्डाणापूर्वी करतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान नियंत्रणांचे कुलूप न काढताच आकाशात झेपावले आणि कोसळले. त्यात दोघे दगावले. वैमानिकांच्या लेखी तपासणी-यादीची प्रथा रूढ होण्यास हा अपघात कारणीभूत ठरला.

यानंतर दांडीचा स्वभाव ठरवावयाचा. मध्याभोवती दोन-तीन टक्क्यांचा निष्क्रिय पट्टा ठेवला, तर बारीक थरथर विमानापर्यंत पोहोचत नाही. पट्टा अधिक रुंद केला, तर हात हलूनही काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी विमान उसळते. घरगुती दांडी आखूड असल्याने हाताची थोडी हालचालही मोठा परिणाम करते. म्हणून प्रतिसादाचा वक्र मध्याजवळ किंचित सौम्य ठेवावा. मात्र हा उपाय मिठासारखा वापरावा, कारण मध्याजवळ जितके सौम्य, तितके टोकाजवळ तीव्र.

थ्रॉटलची प्रकृती निराळी. त्याला मध्याकडे परतविणारी स्प्रिंग नसते. जेथे सोडावा तेथे तो राहिला पाहिजे. त्याला मध्ये निष्क्रिय पट्टा नको, वक्रही नको. दोन्ही टोकांना मात्र लहानसा पट्टा हवा. तो पूर्ण मागे घेतला असता इंजिनाची शक्ती किमान झाली पाहिजे. काही प्रणालींत एकाच मार्गावर पुढील आणि उलट अशा दोन्ही शक्ती बसविलेल्या असतात. तेथे शून्य दांडीच्या मध्यावर येते आणि नवशिका गोंधळतो.

ही बाब किरकोळ नाही. भिलाईजवळ नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींच्या परिसरात कारखान्याची धावपट्टी आहे. विद्यार्थी पडद्यावर अशाच एखाद्या धावपट्टीवर उतरू पाहतो. थ्रॉटल पूर्ण मागे आहे, परंतु अंशशोधनातील चुकीमुळे इंजिनाला थोडी शक्ती मिळतच आहे. विमान जमिनीलगत तरंगत राहते आणि पट्टी संपते. दोष आपल्या हाताचा, असे समजून तो दांडी लवकर ओढण्याची सवय लावून घेतो. घरी घातलेले हे तास परवान्यासाठी मोजले जात नाहीत, पण हाताला लागलेली सवय खऱ्या विमानापर्यंत बरोबर येते. तेथे प्रत्येक तासाचे मोल भरावे लागते आणि चुकीची सवय मोडण्यात त्यातले कित्येक तास खर्ची पडतात.

एक सावधगिरी मात्र हवी. एका इंजिनाचे पंख्याचे विमान पंख्याच्या प्रभावाने मुळातच एका बाजूला ओढ घेते. प्रत्येक ओढ दांडीच्या माथी मारू नये. आधी जुळणीच्या पडद्यावर आकडे पाहावेत. दांडी मोकळी असताना ते मध्यावर स्थिर असतील, तर ती ओढ विमानाची आहे आणि ती सावरणे हेच वैमानिकाचे काम. आकडे सरकत असतील, तर शिकण्यापूर्वी यंत्र दुरुस्त करावे.