साडेपाच तासांचा तंटा

विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आणल्यापासून, ज्यांचा धडधाकट संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाही, परंतु 'श्रीलिपी'त जुळवलेल्या जुन्या मजकुरापायी ज्यांना विंडोज सोडताही येत नाही, अशा पनवेलमधील एखाद्या मुद्रकापुढे विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली एकाच हार्डडिस्कवर नांदवण्याचा पर्याय साहजिकच उभा राहतो.

ज्या तालुक्यात जमिनीच्या तुकड्यातुकड्याचा हिशेब घरोघर ठाऊक आहे, तेथे ही व्यवस्था समजावण्यास फार सायास पडू नयेत. डिस्कवरील विभागांचे कोष्टक हा तिचा सातबारा. कोणता विभाग कोठून कोठवर आणि कोणत्या प्रकारचा, एवढीच नोंद त्यात असते. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ६४ बाइट या दप्तराच्या वाट्याला येत आणि एकेक नोंद १६ बाइटांची असल्यामुळे मुख्य खातेदार चारच मावत. नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ मावतात. विंडोजची हद्द आखडून मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स बसवले, की संगणक सुरू होताना 'ग्रब' नावाची छोटी आज्ञावली कोणाला जागे करावयाचे ते विचारते. तत्पूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी, बिटलॉकरची पुनर्प्राप्तीची किल्ली लिहून घ्यावी आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. कारण ते चालू असता विंडोज पूर्णपणे बंद होतच नाही, व तिच्या अर्धवट उघड्या दप्तरात लिनक्सने हात घातला तर फायली बिघडू शकतात.

इतके यथासांग पार पडल्यावर उद्भवतो तो तंटा जागेचा नसून वेळेचा. संगणकाच्या मदरबोर्डवर बॅटरीच्या आधाराने अहोरात्र चालणारे एक घड्याळ असते. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीपासून ते रूढ झाले. त्यात वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटे सारे असते, मात्र ही वेळ कोणत्या गावची, याचा उल्लेख नसतो. विंडोज डॉसच्या परंपरेस अनुसरून तीस स्थानिक वेळ मानते. युनिक्सच्या घराण्यातले लिनक्स तीस जागतिक वेळ समजून त्यात आपले साडेपाच तास मिळवते. परिणामी लिनक्सने सकाळी १० वाजता घड्याळात ४:३० लिहून निरोप घेतला, की पाठोपाठ उठणारी विंडोज पहाटेचे साडेचार वाजल्याचे निःशंकपणे जाहीर करते. लंडनमध्ये हिवाळ्यात हा घोळ कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण तेथे दोन्ही वेळा एकच.

दुहेरी वेळेचे मुंबईकरांना एके काळी काही अप्रूप नव्हते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. परंतु आगगाडी गाठणाऱ्या मनुष्यास कोणते घड्याळ कोणत्या हिशेबाने चालते हे माहीत असे आणि बेरीज तो मनातल्या मनात करी. आपल्या या दोन प्रणालींना तेवढाही परस्परपरिचय नाही.

इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होते खरी, पण पुढच्या अदलाबदलीत पुन्हा तेच. लिनक्सला स्थानिक वेळ मानावयास लावणे एका आदेशाचे काम आहे. तथापि विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइम-इज-युनिव्हर्सल' ही नोंद घालून तिलाच जागतिक वेळेवर आणणे मला अधिक रास्त वाटते. त्यानंतर पनवेलात सकाळचे १० वाजले असता बायोसच्या पडद्यावर ४:३० दिसले, तर ते बरोबर समजावे आणि दुरुस्त करावयास जाऊ नये.